शेंबडीचा कडा

ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळी सहा वाजता वारज्याच्या पुलाखालून एक जुनी जीप निघाली. आतल्या दोघांना ताम्हिणीच्या पलीकडच्या एका कड्यावरून साठ गोगलगायी जिवंत घेऊन यायचं होतं. हसायला हरकत नाही. परवानगी देणाऱ्या कचेरीतही सगळे हसले होते. हसून झाल्यावर त्यांनी अर्ज चार प्रतींत मागितला, इतकंच.

ही गोगलगाय मात्र साधी नव्हे. हिला शंख नाही, शिंगं नावापुरती, आणि रंग शिळ्या वरणाचा. घाटातले धनगर हिला शेंबडी म्हणतात. याहून नेमकं नाव शास्त्राला अजून सुचलेलं नाही. कावळ्याने चोच मारली की ती अंगातून पिवळा स्राव सोडते आणि ओल्या, शेवाळलेल्या कातळाला अशी घट्ट बसते, की कावळा कंटाळून दुसरीकडे जेवायला जातो. ओल्या कातळाला! सगळी मेख तिथेच होती. शस्त्रक्रियेत जखम बंद करायला टाके असतात, पिना असतात, आणि गोंदही असतो. पण कातडीवर लावायचा नेहमीचा गोंद कोरड्या जागीच नीट धरतो. रक्त आलं की तो हात वर करतो. रक्ताळलेल्या जखमेवर धरणारा गोंद ज्याला सापडेल, त्याचे उपकार हजारो माणसं मानतील.

तो गोंद डॉ. सुखदेव रणपिसे यांना सापडला होता. वय अठ्ठावन्न, राहणार कोथरूड, उभी हयात चिकट पदार्थांच्या रसायनशास्त्रात गेलेली. शोधनिबंध छापून आला होता, सत्कारात शाल मिळाली होती, आणि येत्या बुधवारी माणसांवरची पहिली चाचणी सुरू व्हायची होती.

अडचण एकच होती. गोंद चिकटत नव्हता.

हे जगात फक्त रणपिसे सरांना ठाऊक होतं, आणि गेले अकरा दिवस ठाऊक होतं.

झालं होतं असं. गोंदाची ताकद मोजायला डुकराच्या कातडीच्या दोन पट्ट्या चिकटवून यंत्रात ओढतात. कातडी बुळबुळीत, यंत्राच्या चिमट्यातून निसटते. म्हणून प्रयोगशाळेचा जुना रिवाज असा, की पट्टीची मागची बाजू धातूच्या पातीवर स्टेशनरीच्या दुकानातल्या झटपट गोंदाच्या थेंबाने बसवायची. एकच थेंब. पण तरुण पोरांचे हात थरथरतात म्हणून पट्ट्या सरांनी स्वतः बसवल्या, आणि प्रेमाने दोन-दोन थेंब घातले. जास्तीचा थेंब ओघळून पुढे सांध्यात गेला. यंत्राचा काटा असा चढला, की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं! शेंबडीच्या नावावर जमा झालेली ताकद दहा रुपयांच्या नळीची होती. पुढे सशांवर प्रयोग झाले. पण सशांच्या जखमा तशाही भरतात, आणि ससे तक्रार करत नाहीत.

अकरा दिवसांपूर्वी सरांनी सहज म्हणून झटपट गोंदाऐवजी पट्ट्या स्क्रूने आवळून पाहिल्या. सांधा भिजल्या पोस्टाच्या तिकिटासारखा सुटला. त्यांनी सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा तिकीट सुटलं. मग त्यांनी यंत्र पुसलं, दिवा मालवला, घरी जाऊन दोडक्याची भाजी खाल्ली आणि कोणालाही काही सांगितलं नाही.

सांगणार होते. योग्य वेळी. चांदणी चौकात सांगायचं ठरलं होतं, पण तिथे वाहतूक फार. भूगावला सांगायचं, तर खड्डे फार.

जीप चालवत होत्या डॉ. फरहत इनामदार. शल्यविशारद, पन्नाशीच्या, केस कानापर्यंत कापलेले, बोलणं त्याहून आखूड. चाचणी त्यांच्याच रुग्णालयात व्हायची होती.

"सर, आपण आज गप्प आहात."

"गाडी लागते मला."

"आपण पुढे बसला आहात."

"पुढे जास्त लागते."

पौडला त्या चहाला थांबल्या. टपरीवर भजी गरम होती. सरांनी मनात वाक्य जुळवलं, 'डॉक्टर, एक छोटीशी गोष्ट', आणि गोष्ट छोटी करता करता दोन प्लेट संपल्या. तेवढ्यात डॉक्टरांनी आपली औषधांची पिशवी उघडून दाखवली. आत पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, आणि शेंबडीच्या गोंदाची एक छोटी कुपी.

"सुई-दोरा?" सरांनी विचारलं.

"घरी ठेवला. आपला गोंद असताना दोरा वाहून न्यायचा म्हणजे आपला अपमान नाही का?" त्या पहिल्यांदाच हसल्या. "अम्मीला सांगितलंय, बुधवारी पहिलं नाव तुझं. तिची कातडी बघितलीत ना आपण? टाका घातला की कागदासारखी फाटते. पायाची जखम सात महिने उघडी आहे. मी मुलगी म्हणून हात लावणार नाही, सहकारी करतील. पण रात्री झोपताना ती आपल्या नावाने दुआ करते."

रस्त्यापलीकडे औषधाचं दुकान उघडत होतं. शटर वर जाताना मोठा आवाज झाला. सरांनी त्या आवाजाकडे पाहिलं, भज्यांच्या रिकाम्या प्लेटकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चला, उशीर होतोय."

अपराध करायला फार मोठं धैर्य लागतं असा एक समज आहे. लागत नाही. नुसतं गाडीत जाऊन बसलं तरी पुरतं.

ताम्हिणी ओलांडल्यावर एका धनगरवस्तीपाशी जया मरगळे उभी होती. चाळिशीची, काटक, डोक्यावर इरलं, कमरेला कोयता, खांद्यावर दोराचं वेटोळं. देवराईची वाट तिच्याखेरीज कोणी दाखवत नसे.

"देवराईच्या आईला नारळ दिलाय," ती म्हणाली. "गावानं साठ सांगितल्यात. साठ म्हंजी साठ, सायेब. शेंबूड काढून झाला की सगळ्या माघारी आणून सोडायच्या. हितली वाळकी काडीबी कोण नेत न्हाय."

"शब्द दिला," सर म्हणाले. आजकाल ते शब्द फार सहज देत होते.

मग जंगल सुरू झालं. धुकं इतकं दाट, की पुढच्या माणसाची पाठ हाच रस्ता. अंजनी आणि जांभळीच्या बुंध्यांवर शेवाळ्याचे जाड थर होते, पानापानांतून पाणी ठिबकत होतं, आणि कुठेतरी खोल एक धबधबा न दिसता नुसता घुमत होता. जळवांनी सरांच्या पोटऱ्या मोठ्या आपुलकीने धरल्या. एक ओढा लागला, गुडघाभर पाण्याचा. तो ओलांडला. पुढे चढण, निसरडी, घोट्यात गेलेली लाल माती. तासभर नुसतं चालणं. सरांना असं शांत जंगल यापूर्वी कधी इतकं बोलकं वाटलं नव्हतं. प्रत्येक झाड जणू विचारत होतं, मग सांगताय कधी?

कडा आला. काळा, पाझरणारा, खाली दहा-बारा पुरुष खोल दरी. मधे एक अरुंद कपार होती, आणि कपारीच्या वरच्या भिंतीवर पिवळसर ठिपके. शेंबड्या!

जयाने दोर अंजनीला बांधला, स्वतः आधी उतरली आणि कपारीत पाय रोवून उभी राहिली. डॉक्टर वर दोरापाशी थांबल्या. सर कमरेला दोर बांधून, पाठीवर भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा घेऊन, कण्हत निम्म्या भिंतीवर आले.

"दोराच्या सरळ रेषेत ऱ्हावा," खालून जया ओरडली. "उजव्या अंगाला दगूड सुटा हाय!"

सर मऊ कुंचल्याने एकेक शेंबडी सोडवून डब्यात टाकू लागले. दहा. तीस. पन्नास. बोटं बधिर झाली. साठ! झालं. पण उजवीकडे हातभर अंतरावर तीन शेंबड्या होत्या, अंगठ्याएवढ्या जाड, टपोऱ्या. सरांच्या मनात अकरा दिवस दडलेली एक वेडी आशा उठून बसली. कदाचित मोठ्यांचा स्राव जास्त घट्ट असेल. कदाचित या तीन सगळं खरं करून टाकतील. कदाचित सांगावंच लागणार नाही!

त्यांनी उजवा पाय टाकला. हात लांबवला. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट!

आणि पायाखालचा दगड सुटला.

नारळाएवढा तो दगड भिंतीवर एकदा आपटला, उसळला, आणि खाली जयाच्या इरल्यावर कोसळला. इरलं चिरडलं. ती खाली बसली. मग आडवी झाली. दरीकडे तिचा एक पाय लोंबकळत होता!

"जया!"

सर कसे उतरले ते त्यांना पुढे कधीही सांगता आलं नाही. घसरले, आदळले, गुडघे फुटले. जयाची साडी मुठीत धरून त्यांनी तिला भिंतीकडे ओढलं. मागोमाग डॉक्टर पिशवी खांद्याला अडकवून दोरावरून सरसर उतरल्या. जयाच्या टाळूवर चार बोटं लांब जखम होती, आणि रक्त असं वाहत होतं, की कपारीतलं पाणी लाल झालं.

"डोक्याची कातडी फार रक्त सोडते," डॉक्टर म्हणाल्या. आवाज एकदम थंड. त्यांनी कापसाचा बोळा दाबून धरला. "जयाबाई, ऐकू येतंय? नाव सांगा तुमचं."

"आत्ता घेतलंत की," जया पुटपुटली.

"शुद्ध आहे. छान. हाड शाबूत लागतंय. पण जखम मिटवायला हवी, नाहीतर ही वर चढेपर्यंत रक्त राहणार नाही. सर, कुपी द्या."

सरांनी पिशवीतून कुपी काढली. हातात धरली. दिली नाही.

"सर!"

"डॉक्टर, तो धरत नाही."

"काय?"

"गोंद. कधीच धरत नव्हता. पट्ट्या बसवायचा झटपट गोंद सांध्यात गेला होता, तो धरत होता. माझ्या हातून गेला. मी सहा वेळा तपासलं."

डॉक्टरांचा हात जखमेवरून तसूभर हलला नाही.

"आपल्याला हे कधी कळलं?"

"अकरा दिवस झाले."

"म्हणजे पौडला माहीत होतं."

"हो."

"पौडला औषधाचं दुकान होतं, सर. सुई-दोरा मिळाला असता. आपण भजी खाल्लीत."

सरांना आयुष्यात पुष्कळ जणांनी नावं ठेवली होती, पण इतकी थोडक्यात कोणी ठेवली नव्हती.

"आणि अम्मीचं नाव मी पहिलं—" डॉक्टर थांबल्या. त्यांनी बोळा आणखी दाबला.

"भांडान मागनं करा," खालून जया म्हणाली. "माज्या डोळ्यात रगत जातंय."

डॉक्टरांनी तिच्या लांबसडक केसांकडे पाहिलं. मग सरांकडे. "वेणी घालता येते?"

"काय?"

"वेणी! माझे केस शाळेपासून आखूड आहेत आणि माझे दोन्ही हात इथे अडकलेत. जखमेच्या अलीकडची बट आणि पलीकडची बट एकमेकींत पिळून गाठ मारायची. कडा जवळ येतात. येते की नाही?"

येत होती. निकिता, सरांची मुलगी, पहिलीपासून आठवीपर्यंत वडिलांच्या हातची वेणी घालून शाळेत गेली होती, कारण तिची आई सकाळच्या पाळीला नर्स होती. आठ वर्षं, रोज दोन वेण्या, वर रिबिनी. शाळेच्या बाई विचारायच्या, कोण घालतं ग?

सर गुडघ्यांवर बसले. डॉक्टरांनी बोळा बोटभर सरकवला. रक्त उसळलं! सरांनी दोन्हीकडून चिमूट-चिमूट केस उचलले, पिळले, ओढले.

"सुटतंय! तेल आहे!"

"सकाळीच चोपडलंय," जया म्हणाली. "पावण्यांसंगं जायचं म्हून."

"तीन वेळा फिरवा," डॉक्टर म्हणाल्या. "एकदा उजवी वरून, एकदा डावी वरून, परत उजवी. ओढा. अजून! तिला दुखलं तर ओरडेल."

"दुखतंय!" जया ओरडली.

"बघा."

पहिली गाठ बसली. दुसरी निसटली, परत घातली. बधिर बोटं आता बधिर नव्हती. तिसरी. चौथी. सर मोजत होते आणि रडत होते, आणि पावसात ते कोणाला दिसत नाही हा पावसाचा मोठा गुण आहे. सातव्या गाठीला जखमेचं तोंड मिटलं. डॉक्टरांनी वर पट्टी आवळली, दहा मिनिटं दाबून धरली, हळूच हात काढला.

रक्त थांबलं होतं!

"चला," त्या म्हणाल्या. शाबासकी वगैरे काही नाही. आणि सरांना ती नकोच होती.

दोराने जयाला वर घेताना तासभर गेला. परतीच्या वाटेवर त्यांना ओढा आधी ऐकू आला, मग दिसला. सकाळचा गुडघाभर ओढा आता छातीभर झाला होता! गढूळ पाणी फांद्या उपटून नेत होतं. वर डोंगरात पाऊस वाढला होता, आणि पाणी चढतच होतं.

"घटकाभरानं हेबी जमायचं न्हाय," जया म्हणाली. "आत्ताच. दोराला धरून. दोन्ही हातांनी." मग तिने सरांच्या पाठीवरच्या डब्याकडे पाहिलं. "त्यो न्हाय जायचा. पाणी डब्याला धरंल आन तुमाला नेईल."

सरांनी डबा उतरवला. झाकण काढलं, शेंबड्या खाली सोडाव्यात म्हणून डबा पालथा केला. एकही पडली नाही. झटकला. एकही नाही! त्रेसष्टच्या त्रेसष्ट शेंबड्या प्लॅस्टिकला अशा चिकटल्या होत्या, की खरवडूनही हलेनात. सर बघतच राहिले. प्लॅस्टिकला चिकटते. कातळाला चिकटते. माणसाच्या कातडीशी तिला काही देणंघेणं नाही. हे एवढंच छापलं असतं तर शाल मिळाली नसती, पण वाक्य खरं असतं.

"ऱ्हाऊ द्या तसाच, उघडा, झाडाखाली," जया म्हणाली. "निघतील त्यांच्या त्या. डबा माजी जाऊ आणील. आन साठावर तीन कशापायी?"

"चूक झाली."

"आईला सांगा ते. मला डोसक्यात कळलंय."

दोराचं एक टोक काठावरच्या अंजनीला बांधून, दुसरं घेऊन डॉक्टर आधी उतरल्या. दोनदा दिसेनाशा झाल्या, दोनदा वर आल्या, पलीकडच्या जांभळीला दोर बांधला. मग जया आणि तिच्यामागे सर. मध्यावर पाणी छातीला लागलं. एक वाहत आलेला ओंडका सरांच्या बरगडीवर बसला. दोर सुटला! पाणी नाकात, तोंडात, डोळ्यांवर! सगळं तपकिरी! आणि कोणीतरी त्यांचा कमरपट्टा पकडला. जया! एका हाताने दोर, एका हाताने सर.

"सोडा मला!" सर ओरडले. "गाठी सुटतील!"

"सुटल्या तर परत घाला! पाय टाका!"

त्यांनी पाय टाकला. दगड लागला. दुसरा टाकला. पलीकडून डॉक्टरांनी हात दिला, आणि तिघं चिखलात आडवी पडली. मागे पाहिलं तर अंजनीला बांधलेला दोर ताणून तुटला आणि पाण्याबरोबर निघून गेला.

गाठी सातच्या सात शाबूत होत्या.

पौडच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने पट्टी सोडली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"यांनी," फरहत डॉक्टर म्हणाल्या. "यांचा गोंदांचा अभ्यास आहे." त्याने टाके घातले, आणि जयाला रात्रभर ठेवून घेतलं.

बाहेर मोबाइलला रेंज आली होती. सरांनी चाचणीची परवानगी देणाऱ्या समितीचे सचिव अनिरुद्ध ओव्हाळ यांना फोन लावला. उभ्याने, पाणी ठिबकत, सगळं सांगितलं.

"सर," ओव्हाळ हळूच म्हणाले, "आपण 'अधिक पडताळणीसाठी चाचणी पुढे ढकलत आहोत' असं लिहू. कोणाला काही बोलायला जागा नको."

फार सुंदर वाक्य होतं. सरांना क्षणभर त्यात जाऊन राहावंसं वाटलं.

"नको. 'चूक' असं लिहा. आणि पुढे लिहा, 'अकरा दिवस लपवली.' सही मी उद्या सकाळी येऊन करतो. शोधनिबंध मागे घ्यायचं पत्रही आणतो."

डॉक्टरांनी जीप थेट भवानी पेठेत आईच्या घराकडे नेली. चौकात गाडी थांबवून डॉक्टर म्हणाल्या, "दुसरा मजला. अम्मीला आपण सांगायचं. मी खाली थांबते."

सर जिने चढले. दार हुस्नबानूंनीच उघडलं, भिंतीला धरून, डाव्या पायाला पांढरी पट्टी. सत्याहत्तर वर्षांचा चेहरा एकदम उजळला. "या, साहेब, या! सापडला का हो तुमचा कीडा?"

सरांनी उंबरठ्याबाहेरच सगळं सांगितलं. चपलाही काढल्या नाहीत, कारण आत बोलावतील याची खात्री नव्हती. गोंद नाही. बुधवार नाही. दगड, जया, पौडची भजी, सगळं. एकही वाक्य छोटं केलं नाही.

हुस्नबानूंनी ऐकून घेतलं. त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग सरांच्या पायांकडे पाहिलं. तिथे लाल माती होती, फुटलेले गुडघे होते, आणि एक जळू अजून चिकटून होती.

"त्या बाईचे केस उपटले तर नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हं." त्या वळल्या आणि भिंत धरून आत जाऊ लागल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं. "मोरीत बादली भरलेली आहे. पाय धुवा. फरशी आत्ताच पुसलीये."